सूट कोणाची, नियम कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहिरातीत वाचून दोघातिघांनी मला विचारले की, कामगार संघटनेचे काम करणाऱ्या माणसाला समुद्रावरच्या सहलींच्या तिकिटांशी काय कर्तव्य? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मी एका वाक्यात देऊ शकतो. ‘अमुक दराच्या खाली विकायचे नाही’ हा नियम कोणी करावा, कोणी पाळावा, आणि तो मोडला तर शिक्षा कोणाला व्हावी, हा कामगार चळवळीचा अगदी जन्मापासूनचा प्रश्न आहे. गिरणीच्या फाटकाशी उभा राहून ‘चार पैसे कमी द्या, पण मला आत घ्या’ म्हणणारा बदली कामगार, आणि गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून आपल्याच दलालीतले पैसे परत करणारा तिकीट-एजंट, हे दोघे एकाच बाजारात उभे आहेत. एकाच्या गळ्यात टाय आहे आणि दुसऱ्याच्या खांद्यावर टॉवेल आहे, एवढाच काय तो फरक.

आगबोटींच्या धंद्यात सवलतींवरून जेवढी युद्धे झाली आणि त्यांविषयी जेवढे नियम झाले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या धंद्यात झाले असतील. त्यामुळे हा इतिहास आपल्याला उदाहरण म्हणून उपयोगी पडतो.

प्रथम हा धंदा कसा चालतो ते पाहू. जहाजाने धक्का सोडला की त्यातली रिकामी राहिलेली खोली कायमची वाया गेली. भाजीवाली उरलेल्या मेथीवर पाणी मारून ती दुसऱ्या दिवशी विकू शकते. कालची रिकामी खोली आज कोणालाही विकता येत नाही. शिवाय कोळसा म्हणा, तेल म्हणा, कप्तानाचा पगार म्हणा, हा खर्च उतारू पाचशे असोत की हजार, जवळजवळ तेवढाच. म्हणून निघायची वेळ जवळ आली की मिळेल त्या भाड्यात जागा भरण्याचा मोह प्रत्येक कंपनीला होतो. सवलतीचा उगम दानतीत नसून या रिकाम्या खोलीत आहे. आणि प्रत्येकाने असाच मोह केला तर सर्वांचेच भाडे कोसळते. म्हणून सवलतीला आळा घालण्याच्या नियमाचा उगमही त्याच खोलीत आहे.

आपल्याकडच्या वसंत व्याख्यानमालांची परंपरा न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ साली सुरू झाली, हे आपण जाणताच. त्याच १८७५ साली विलायत आणि कलकत्ता यांच्या दरम्यान जहाजे चालवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांनी एकत्र बसून आपापसांतली भाड्याची कापाकापी थांबवण्याचा करार केला. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला होता, वाफेच्या बोटी भराभर बांधल्या गेल्या होत्या, आणि मालापेक्षा बोटी जास्त झाल्या होत्या. या कराराने जो संघ झाला त्याला त्यांनी ‘कॉन्फरन्स’ असे सभ्य नाव दिले. जगातल्या जहाज कंपन्यांच्या पुढच्या सगळ्या संघांचा हा मूळपुरुष.

दोन वर्षांनी, १८७७ साली, या संघाने एक विलक्षण युक्ती काढली. व्यापाऱ्याने भाडे पूर्ण भरायचे. त्यातला साधारण दहावा हिस्सा सवलत म्हणून त्याच्या नावे मांडून ठेवायचा. पण ती रक्कम त्याच्या हाती पडायची केव्हा? ठरलेल्या मुदतीत त्याने आपला सगळा माल संघाच्याच बोटींतून पाठवला असेल, आणि त्या मुदतीनंतर आणखी काही महिनेही तो एकनिष्ठ राहिला असेल, तरच. मधल्या काळात एक गठ्ठा जरी बाहेरच्या बोटीतून गेला, तरी मागची सगळी सवलत बुडाली. जुन्या गिरण्यांत कामगाराचा काही दिवसांचा पगार नेहमी मागे ठेवून घेत, म्हणजे तो सोडून जाऊ शकत नसे. सूट दिल्यासारखी करायची, पण मुठीत ठेवायची, ही कला दोन्हीकडे एकच.

मात्र संघाचा नियम बाहेरच्याला कसा गाठतो, हे समजायला कलकत्त्याहून खाली दक्षिणेत, तुतिकोरिनच्या धक्क्यावर जावे लागेल.

तुतिकोरिन ते कोलंबो या मार्गावर ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटी चालत. चिदंबरम् पिळ्ळै या वकिलाने १९०६ साली तेथे ‘स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी’ काढली. भांडवल दहा लाखांचे, भाग पंचवीस रुपयांचा, म्हणजे लहान व्यापाऱ्यालाही घेता यावा असा. आधी भाड्याच्या बोटी घेतल्या; त्या दबावामुळे हातच्या गेल्या. तेव्हा हा मनुष्य बोटी मिळवण्यासाठी मुंबईला आला. पुढे ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ अशा दोन बोटी कंपनीच्या मालकीच्या झाल्या. चिदंबरम् पिळ्ळै टिळकांना गुरुस्थानी मानत, आणि स्वदेशीचा त्यांचा अर्थ नुसता कापडापुरता नव्हता.

मग सुरू झाली सवलतींची लढाई. ब्रिटिश कंपनीने कोलंबोचे भाडे माणशी एक रुपयावर आणले. स्वदेशी कंपनीने ते आठ आण्यांवर आणले. त्यावर ब्रिटिश कंपनीने फुकट नेण्याची तयारी दाखवली, आणि वर उतारूला एक छत्री भेट, असेही सांगितले जाते. श्रोतेहो, या छत्रीकडे नीट पाहा. फुकट तिकिटाने उतारूचा त्या दिवशी फायदाच झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्याच्याजवळ शंभर मार्गांवरचे उत्पन्न आहे तोच एका मार्गावर फुकट नेऊ शकतो. ज्याच्याजवळ एकच मार्ग आहे तो तसे करू शकत नाही. सवलतीला काहीच नियम नसेल, तर जिंकतो तो स्वस्त चालवणारा नव्हे, ज्याची थैली खोल तो.

याच चिदंबरम् पिळ्ळैंनी १९०८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तुतिकोरिनच्या कोरल मिलमधल्या कामगारांचा संप चालवला आणि मजुरीत वाढ मिळवून दिली. पाठोपाठ मार्चमध्ये त्यांना अटक झाली. ७ जुलै १९०८ रोजी त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा फर्मावण्यात आली. ती पुढे अपिलात कमी झाली. त्याच महिन्यात, २२ जुलैला, मुंबईत टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस हरताळ पाळला. स्वदेशी कंपनी चालवणारा माणूस तुरुंगात, समोर फुकट नेणारी बोट. कंपनी १९११ पर्यंत मोडीत निघाली. लढाई जिंकल्यावर छत्र्या वाटायचे कारणच राहिले नाही.

त्याच सुमारास विलायत सरकारने या संघांची चौकशी करायला एक शाही आयोग नेमला होता. त्याचे काम १९०६ ते १९०९ चालले. बहुमताने आयोगाने संघांना मोडून काढायची शिफारस केली नाही. नियमित बोटी हव्या असतील तर कंपन्यांना काहीतरी बांधिलकी हवी, असे त्याचे म्हणणे. पण त्याने व्यापाऱ्यांना एक सल्ला दिला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो: कंपन्या एकत्र आल्या आहेत, तर तुम्हीही एकत्र या आणि संघटितपणे भाड्याची बोलणी करा. सम्राटाच्या आयोगाने दिलेला हा सल्ला आमच्या चाळीतल्या कोणत्याही सभेत शोभला असता.

अमेरिकेने मात्र १९१६ च्या कायद्याने राखून ठेवलेली सवलत बेकायदा ठरवली. आपल्याकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी १९१९ साली सिंदिया कंपनी काढली. तिची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाली. तिलाही भाड्याच्या कापाकापीला तोंड द्यावे लागले, आणि १९२३ साली ब्रिटिश कंपनीशी दहा वर्षांचा तह करून मर्यादा मान्य कराव्या लागल्या. पुढे साराभाई नेमचंद हाजी यांनी केंद्रीय विधिमंडळात किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय बोटींसाठी राखून ठेवण्याचे आणि ही सवलतीची पद्धत बंद करण्याचे विधेयक मांडले. त्यांचा कायदा झाला नाही. पण सवलतीचा प्रश्न हा स्वराज्याचाही प्रश्न आहे, हे त्यांनी सभागृहात नोंदवून ठेवले.

आतापर्यंत आपण कंपनी आणि कंपनी, कंपनी आणि व्यापारी यांचे पाहिले. आता मधल्या माणसाकडे येऊ. उतारू आणि बोट यांच्या मध्ये एक लहानसे टेबल असते, त्यावर वेळापत्रके असतात, आणि मागे तिकीट-एजंट बसलेला असतो. त्याला पगार नाही. तिकीट विकले तर शेकड्याने कमिशन.

अटलांटिक महासागरावर युरोप-अमेरिकेच्या दरम्यान उतारू नेणाऱ्या कंपन्यांचाही संघ होता, आणि भाड्याबरोबर एजंटाचे कमिशनही तोच ठरवी. त्याचे दोन नियम ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पहिला असा की, जो एजंट संघाच्या बोटींची तिकिटे विकतो त्याने परवानगीवाचून बाहेरच्या बोटीची तिकिटे विकायची नाहीत. दुसरा असा की, कमिशनमध्ये बदल करायचा तर सर्व कंपन्यांचे एकमत हवे. परिणाम असा झाला की, १९५० नंतरच्या दशकात बहुसंख्य कंपन्या कमिशन वाढवायला तयार असूनही मूठभरांच्या नकारामुळे ते वाढेना.

याच वेळी आकाशात काय चालले होते? ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट विमानांची नियमित वाहतूक सुरू झाली. आगबोटीचे तिकीट काढायला खोली कोणती, मजला कोणता, जेवणाची पंगत कोणती, अशा चौकशांत एजंटाचा अर्धा दिवस जाई. विमानाचे तिकीट झटकन होई. आपण एजंटाच्या जागी असता तर काय विकले असते? कंपन्यांनी ज्याला जखडून ठेवले त्याच माणसाने, काही न बोलता, गिऱ्हाईक विमानतळाकडे वळवले.

एजंटांच्या संघटनेने तक्रार लावून धरली. अमेरिकेच्या सागरी आयोगाने दोन्ही नियम नामंजूर केले, आणि मार्च १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय उचलून धरला. न्याय मिळाला, पण तोवर ‘क्वीन मेरी’ निवृत्त होऊन कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला लागली होती. सवलत थोपवणारा आणि दलाली गोठवणारा नियम शेवटी नियम करणाऱ्यालाच बुडवू शकतो, याचा याहून मोठा दाखला मला ठाऊक नाही.

अटलांटिकवरचे उतारू गेले. बोटी आणि खलाशी राहिले. तेव्हा कोठे जायचे म्हणून नव्हे, तर बोटीवर राहायचे म्हणून बोटीत बसायचे, ही कल्पना मोठ्या प्रमाणावर पुढे आली. मायामीच्या बंदरातून १९६६ पासून नॉर्वेजियन कॅरिबियन, १९६८ साली स्थापन झालेली रॉयल कॅरिबियन, आणि १९७२ पासून कार्निव्हल, अशा कंपन्या उभ्या राहिल्या. बोटींवर निशाण पनामा, लायबेरिया, बहामा अशा देशांचे. बोटीवर काम करणारी माणसे जगभरची, त्यांत आपल्या गोव्यातली आणि कोकणातली मुले पुष्कळ. ज्या तिकिटाच्या सवलतीविषयी आपण बोलतो आहोत, त्याच तिकिटातून त्या मुलांचा पगार निघतो, हे विसरू नये. मुंबईच्या बंदरातूनही पुढे अशा सहली निघू लागल्या.

या सहलींची तिकिटे बहुतांशी एजंटांनीच विकली. आता हिशेब पाहा. मानू या की, एका खोलीचे भाडे एक लाख रुपये आहे. गावातल्या लहान एजंटाला शेकडा दहा, म्हणजे दहा हजार कमिशन मिळते. जो वर्षाला हजारो खोल्या विकतो त्याला कंपनी जादा देते. धरा, शेकडा पंधरा. या मोठ्याने गिऱ्हाइकाला सात हजार परत केले तरी त्याच्याजवळ आठ हजार उरतात. लहानाने सात परत केले तर त्याच्याजवळ तीनच उरतात, आणि तेवढ्यात दुकानाचे भाडेही सुटत नाही. मग असे घडते: गिऱ्हाईक लहान एजंटापाशी दोन तास बसते, कोणती बोट, कोणत्या मजल्यावर हेलकावे कमी, आजींना कोणती खोली सोयीची, हे सगळे विचारून घेते, चहा पिते, आणि घरी जाऊन मोठ्या दुकानाला फोन करते. शहाणपण एकाचे, दलाली दुसऱ्याची.

२००१ च्या सप्टेंबरातल्या हल्ल्यांनंतर उतारू घटले आणि भाडी कोसळली. धंदा सावरू लागताच २००४ साली कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन अशा मोठ्या कंपन्यांनी नियम केले: एजंटांनी आमच्या दराखाली जाहिरात करायची नाही, आणि आपल्या कमिशनमधला हिस्सा सवलत म्हणून गिऱ्हाइकाला परत करायचा नाही. पुष्कळ लहान एजंटांनी या नियमाचे स्वागत केले, आणि ते स्वाभाविक होते. सर्वांचा भाव एक झाला, तर गिऱ्हाईक सल्ल्यासाठी आणि विश्वासासाठी येईल, असा त्यांचा हिशेब. तो अगदीच चुकला असे नाही.

पण नियमाच्या फटी पाहा. रोख सूट बंद झाली, तेव्हा बोटीवर खर्चायला रक्कम, वाइनची बाटली, वेटरांची बक्षिशी आधीच भरून देणे, अशा रूपांनी ती परत आली. तुतिकोरिनची छत्रीच ती. आणि ही छत्री कोण देऊ शकतो? ज्याचे कमिशन शेकडा पंधरा आहे तोच. लहान-मोठ्यांत अंतर पाडणारे मूळ कारण गिऱ्हाइकाला दिलेली सूट हे नव्हतेच. ते कंपनीने मोठ्याला दिलेले जादा कमिशन होते. खालची सूट बंद झाली, वरची चालू राहिली. आणि शेवटच्या आठवड्यात बोट रिकामी दिसली की भाव उतरवायला कंपनी मोकळी. नियमाने बांधला गेला तो एजंट.

दुसरी एक गोष्ट त्याहून सूक्ष्म आहे. जाहिरातीत भाडे कमी दाखवायचे आणि ‘बंदराचा आकार’ म्हणून मोठी रक्कम वेगळी लावायची, अशी चाल १९९० नंतर बोकाळली. बंदराला प्रत्यक्ष द्यायची रक्कम त्याहून कमी असे. फ्लोरिडा राज्याच्या सरकारी वकिलांनी चौकशी केली, आणि १९९७ साली सहा कंपन्यांनी मान्य केले की, सरकारी कर सोडून बाकी सर्व रक्कम जाहीर भाड्यातच धरली जाईल. गिऱ्हाइकाची फसवणूक थांबली. परंतु भाड्याचा तो भाग एजंटाच्या हिशेबात मात्र वेगळाच राहिला: त्यावर कमिशन नाही. शेकडा दहाचा आकडा तसाच ठेवून शंभराचे ऐंशी-नव्वद करायचे. मूळ पगार गोठवून भत्त्यांवर काही लागू न करणारे मालक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजावून सांगायला नको.

विमान कंपन्यांना एवढी नाजूक हातचलाखीही करावी लागली नाही. अमेरिकेत १९९५ साली डेल्टा कंपनीने देशांतर्गत परतीच्या तिकिटावर कमिशनला पन्नास डॉलरांची मर्यादा घातली, इतरांनी अनुकरण केले, आणि २००२ साली मोठ्या कंपन्यांनी मूळ कमिशन शून्यावर आणले. क्रूझ कंपन्यांना एजंटाची गरज होती म्हणून तिथे नियम आला; विमान कंपन्यांना ती राहिली नाही तेव्हा एजंटच गेला.

कायद्याचे यावर काय म्हणणे? मालाच्या कर्त्याने दुकानदारावर किमान भाव लादणे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९११ साली सरसकट बेकायदा ठरवले. १९१९ साली पुरवणी आली की, करार न करता कर्त्याने नुसते जाहीर केले आणि न ऐकणाऱ्याला माल देणे बंद केले, तर चालेल. १९२६ साली आणखी एक: जो आपला माल विकत नाही, कंपनीचा माल कंपनीच्या वतीने विकतो, त्याला भाव कंपनीने सांगितला तर त्यात गैर नाही. तिकीट-एजंट या शेवटच्या दारात उभा आहे. खोली कंपनीची, भाव कंपनीचा. पण दुकानाचे भाडे, वीज आणि तोटा मात्र त्याचा. अखेर २००७ साली, टेक्ससमधल्या एका दुकानाने शेकडा वीस सूट दिल्यावरून झालेल्या खटल्यात, त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी १९११ चा नियमच रद्द केला; आता प्रत्येक प्रकरण गुणावगुणांवर तपासायचे.

आपल्याकडे १९६९ च्या मक्तेदारीविरोधी कायद्याने किमान पुनर्विक्री भाव लादण्यास बंदी केली होती. २००२ च्या स्पर्धा कायद्यात ही बंदी सरसकट नाही. स्पर्धेला बाध येत असेल तरच. या कायद्याखाली २०२१ साली स्पर्धा आयोगाने मारुती कंपनीला दोनशे कोटी रुपयांचा दंड केला. कंपनी विक्रेत्यांना ठरावीक मर्यादेपलीकडे सूट देऊ देत नाही आणि नियम मोडणारा शोधायला खोटी गिऱ्हाइके पाठवते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने त्यावर अपील केले. याउलट विमा-एजंटाने आपल्या कमिशनमधला हिस्सा विमेदाराला देणे १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ नेच मना केले आहे. म्हणजे सूट देण्यास बंदी करणारा नियम एके ठिकाणी गुन्हा, तर दुसऱ्या ठिकाणी ती बंदी मोडणे गुन्हा. यात विसंगती आहे का? मला तशी वाटत नाही. विम्याचा नियम विधिमंडळाने उघड चर्चा करून केला, तो सर्व कंपन्यांना सारखा लागू आहे, आणि उद्या बदलायचा तर मतदार तो बदलू शकतो. मोटारींचा नियम एका कंपनीने आपल्या सोयीसाठी केला.

आता कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे: तुमची कामगार संघटना वेगळे काय करते? ‘या पगाराखाली कोणी काम करायचे नाही’ हीसुद्धा सूट देण्यास बंदीच नव्हे काय? आहेच. आणि मालकांनी हा युक्तिवाद न्यायालयात पुरेपूर वापरलाही आहे. चिदंबरम् पिळ्ळै आणि टिळक तुरुंगात गेले त्याच १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने टोप्या बनवणाऱ्या कामगारांच्या संघटनेला मक्तेदारीविरोधी कायदा लावला. १९१४ साली तिथल्या विधिमंडळाला स्वच्छ लिहावे लागले की, माणसाचे श्रम ही विक्रीची वस्तू नव्हे. आपल्याकडे नारायण मल्हार जोश्यांनी १९२१ साली ठराव मांडून चळवळ केली, तेव्हा कोठे १९२६ चा कामगार संघ कायदा झाला. संघटनेचा करार व्यापाराला अडथळा आणतो एवढ्यावरून तो रद्द होणार नाही, हे त्याने मान्य केले.

हे संरक्षण एजंटाला नाही. २००८ च्या अखेरीस विमान कंपन्या आपल्याकडेही कमिशन बंद करू लागल्या. सिंगापूर एअरलाइन्सने ते बंद केल्यावर एजंटांच्या संघटनांनी तिची तिकिटे विकायची नाहीत असे ठरवले. एका प्रवास कंपनीने तिकिटे विकणे चालू ठेवले; संघटनांनी तिच्यावर कारवाई केली; तिने स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि २०११ साली आयोगाने संघटनांनाच दोषी धरून दंड केला. स्वतःच्या सभासदाला सक्तीने रोखणाऱ्या संघटनेची मी वकिली करणार नाही. माणसे मनाने बरोबर असतील तरच बहिष्कार टिकतो, हे आम्ही संपांत पुरते शिकलो आहोत. पण निकालाचा अर्थ पाहा. एका बलाढ्य कंपनीने हजारो एजंटांची मजुरी शून्य केली, तर तो व्यवहार. त्या हजारोंनी मिळून ‘नाही’ म्हटले, तर तो कट. कामगार म्हणावे तर त्यांना मालक म्हणतात, आणि मालक म्हणावे तर भाव दुसराच ठरवतो. असा अधांतरी माणूस आज केवळ तिकिटांच्या टेबलाशी नाही. स्वतःच्या दुचाकीवर दुसऱ्याचे जेवण पोचवणारा मुलगाही तोच आहे.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की, सूट चांगली की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. तुतिकोरिनला बेबंद सवलतीने लहानाचा बळी घेतला. अटलांटिकवर सवलतीविरुद्धच्या बंदोबस्ताने एजंटाला जखडले आणि बोटींचेही नुकसान केले. प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावेत. हा कोणी केला? करणाऱ्यालाही तो बांधतो का? आणि ज्यांना तो पाळावा लागतो त्यांना तो बदलता येतो का? संघटनेचा दर या तिन्ही कसोट्यांना उतरतो, कारण तो सभासद ठरवतात, तेच पाळतात, आणि त्यासाठी उपाशीही तेच राहतात. क्रूझ कंपन्यांचा २००४ चा नियम पहिल्याच कसोटीला अडतो, मग तो लहान एजंटाला चार दिवस सुखाचा वाटो.

यावर उपाय नाही असे नाही. १९०९ च्या शाही आयोगाने व्यापाऱ्यांना दिलेला सल्ला अजून शिळा झालेला नाही. ऑस्ट्रेलियाने २०२१ च्या जूनपासून ठरावीक उलाढालीखालच्या लहान व्यावसायिकांना मोठ्या कंपन्यांशी एकत्र बोलणी करण्याची मोकळीक दिली आहे. त्यासाठी फक्त एक साधी सूचना दाखल करावी लागते. तिथे त्याला कोणी कट म्हणत नाही. आपल्या कायद्यात अशी एक खिडकी उघडता येईल, आणि ती उघडावी अशी मागणी एजंटांनी, विक्रेत्यांनी आणि आम्ही कामगारांनी मिळून करायला हवी.

आपण गिऱ्हाईक आहात, आणि गिऱ्हाइकाने सूट मागू नये असे मी कोणत्या तोंडाने सांगू? मीही मागतो. जरूर मागा. फक्त ती हातात पडल्यावर ती कोणाच्या खिशातून आली, एवढे एकदा विचारा. कंपनीच्या नफ्यातून आली असेल तर खुशाल घ्या. टेबलामागे बसलेल्या माणसाच्या मजुरीतून किंवा बोटीच्या पोटात भांडी घासणाऱ्या मुलाच्या पगारातून आली असेल, तर तिची किंमत आपण उद्या, आपापल्या कामाच्या जागी, आपल्याच मजुरीतून भरणार आहोत.